सत्याऐंशीची हाक

२३ जानेवारी १९९८, शुक्रवार. पेण.

ही डायरी गेल्या सालची आहे. खतवाल्याने फुकट वाटलेली, कोरीच पडून होती. फक्त वार एकाने मागे आहेत, ते खोडून लिहितो. नम्रताताईने ऑफिसात सगळ्यांना कामाची वही लिहायला लावलंय. ती वही ती तपासते. ही कोणी तपासणार नाही, म्हणून इथे खरं लिहायचं.

खरं म्हणजे मला भीती वाटते. तीन महिने झाले या नोकरीला. एवढे दिवस मी कुठे टिकलोच नाही. दहावी उडाली, मग कोलाडच्या धाब्यावर भांडी घासली, ट्रकवर क्लीनर झालो, एक हंगाम वाशीच्या मिठागरात काढला. मीठ ओढायची फळी छान असते, पाण्यावरून सर्र जाते, ते एकदा लिहायला पाहिजे. असो. टायपिंग येतं म्हणून ताईने ठेवून घेतलं.

ऑफिस म्हणजे गणपतीच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली गणपती, वर कॉम्प्युटर. ताई प्रोग्राम लिहिते आणि तिचा धाकटा भाऊ विशालदादा तो विकतो. प्रोग्रामचं नाव ‘भांडार’. गोदामात कुठला माल किती आहे, कुणाला किती द्यायचा, ते त्यात कळतं. पोह्याच्या गिरण्यांत आहे, रोह्याच्या कारखान्यांत आहे. सगळीकडे जुना ‘भांडार दोन’ चालतो. आता रंगीत पडद्याचा, उंदराने चालणारा ‘भांडार तीन’ आलाय, आणि त्यावरून बहीणभावात रोज जुंपते.

आज दादा म्हणाला, “एकतीस मार्चनंतर जुन्याला मदत बंद. पत्रं छापलीत.”

ताई म्हणाली, “छापलीस? मला न विचारता?”

“अगं, जुन्याची दुखणी काढत बसलो तर नवं कोण विकणार? सगळा दिवस फोनवर जातो तुझा.”

“त्या फोनच्या पलीकडे माणसं असतात, विशाल.”

मला दादाचं पटलं. जुनी चप्पल शिवत बसण्यापेक्षा नवी घ्यावी.

२७ जानेवारी, मंगळवार

ताईबरोबर रोह्याला गेलो. एस.टी. नागोठण्याला अर्धा तास उभी होती, तेवढ्यात एका माणसाशी ओळख झाली, तो घोरपडीबद्दल सांगत होता. ते राहू दे.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. गावात सगळे त्याला ‘पिवळी टाकी’च म्हणतात. फाटकावर वॉचमनने खिशातली काडेपेटी काढून घेतली. आत वास असा की दात आंबतात. भिंतीवर पाटी होती : ‘भोंगा वाजल्यास वाऱ्याच्या आडवे पळा.’ मी ताईला विचारलं, वारा कुठून येतोय ते कसं कळायचं? ती म्हणाली, छपरावर फडकं बांधलंय, ते बघायचं. तिथे होतो तोवर मी सारखं ते फडकंच बघत होतो.

गोदाम काळुरामकाकांकडे आहे. वीस वर्षं तिथेच आहेत, चौथी शिकलेले. स्टोअर ऑफिसातून कॉम्प्युटरची चिठ्ठी येते, ती बघून काका ड्रम काढतात आणि हातगाडीवरून टाकीच्या दारापर्यंत नेतात. तिथे नाथाभाऊ असतो. मग एक गंमत होते. काका चिठ्ठी डोळ्यापुढे धरून ओरडतात, “लाल तेल घे रेऽ!” आणि नाथाभाऊ आपल्या हातातला कॉम्प्युटरचाच कागद बघून आतून ओरडतो, “लाल तेल आलाऽ!” तेव्हाच ड्रमचं बूच निघतं. उलट हाक आली नाही तर ड्रम मागे.

“देवळात आरती चाललीय जशी,” मी म्हणालो.

काका म्हणाले, “हस, हस. पण हाक हाय म्हणून वीस वर्सं जित्ता हाय.”

या हाकेसाठीच ताईने जुन्या भांडारात चिठ्ठीवर मराठी नाव छापायची सोय केली होती. कामगारांनी पाडलेली नावं : लाल तेल, तेजाब (म्हणजे ॲसिड), लाय (म्हणजे कॉस्टिक), पिवळी साखर. येताना गाडीत तिने मला तीनतीनदा सांगितलं, “सखा, नव्यात बरेच नंबर बदलतायत. ड्रमांवर मात्र अजून जुने नंबर रंगवलेत, ते पुसायला दोन महिने लागतील. तोवर काकांनी नाव बघूनच ड्रम काढायचा. म्हणून मराठी नावाचा रकाना पूर्ण भरायचा. एकशे ब्याण्णव नावं आहेत. एकही सोडू नकोस.”

मी म्हटलं, बरं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज पिवळ्या टाकीच्या स्टोअर ऑफिसात एकट्याने नवा भांडार बसवला! अकरा फ्लॉप्या, एकामागून एक. सातवी अडकली, पण शर्टाला पुसली आणि चालली.

मग नावं भरायला बसलो. बासष्टपर्यंत भरली. मराठी टाइप करताना बोटं दुखतात. चारच्या सुमाराला खिडकीत नाथाभाऊचं डोकं आलं. त्याची पाळी सुटली होती.

“काय रं सख्या, अंडी उबवतंस का? चल, मागच्या शेतात पोपटी लावलीय.”

“काम आहे, भाऊ.”

“काम काय पळून चाललंय? वालाच्या शेंगा मातूर मडक्यात करपतील.”

गेलो. न जाणं शक्यच नव्हतं. भांबुर्ड्याचा पाला मडक्यात दाबलेला, वर पेंढ्याचा जाळ. मडकं उलटं केलं तेव्हा जो वास सुटला, त्यात कारखान्याचा वास पार बुडाला. काळुरामकाकांनी मला सोलून सोलून शेंगा दिल्या. नाथाभाऊची बायको पुतळी अंडी घेऊन आली होती. ती त्याला म्हणाली, “त्या पोराला कामातून उठवून आणलंस, त्याची नोकरी घालवशील.” नाथाभाऊ म्हणाला, “गेली तर आपल्या मिठागरात येल. व्हय ना रं?”

परत गेलो तर पाच वाजलेले, ऑफिस बंद होत होतं. पेणला फोन लावला. दादाने उचलला. मी म्हटलं, नावं राहिलीत. तो म्हणाला, “अरे मग नंतर भर. रकाना रिकामा असला तरी प्रोग्राम चालतो. उद्या महिनाअखेर आहे, आज मला ‘काम पूर्ण’चा कागद पाहिजे. सही करून घे आणि ये.” त्याने कागद आधीच भरून दिला होता. ‘मराठी नावे भरली : होय’ यावर खूणही केलेली. मी खाली सही केली. पहिल्यांदाच कुठल्या कागदावर ‘प्रतिनिधी’ म्हणून माझं नाव आलं.

३१ जानेवारी, शनिवार

ताईने विचारलं, “नावं सगळी भरलीस?”

हो म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. परवा जाऊन भरणारच आहे, मग खोटं कसं?

९ फेब्रुवारी, सोमवार

रोह्याला दुसऱ्या एका कारखान्यात गेलो होतो. एस.टी. स्टँडवर काळुरामकाका भेटले. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली.

“ही बघ. निस्ता नंबर. नाव खंय हाय?”

“भरतो काका, या आठवड्यात.”

“अरे, बरीचशी नावानिशी येतात. काय काय अशी मुकी येतात. हाक कशी मारू?”

“नंबराची मारा.”

थट्टेत म्हणालो. काका हसले नाहीत. “तेच करतोय,” म्हणाले. “नाथा पन नंबरच वरडतो. पन बरा वाटत नाय, बाबा. नंबराला तोंड नसतं.”

“स्टोअरच्या साहेबांना सांगा ना.”

“सांगितला. साहेब म्हनाले, कागदावर पूर्ण लिवलंय, मंजे पूर्ण हाय.”

चिठ्ठी माझ्या हातातच राहिली. तिच्या मागे नव्या रेल्वेच्या कोलाड आणि माणगावच्या वेळा लिहून घेतल्या, डायरीत ठेवली. उपयोगी पडेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

रोह्याला जाणार होतो, दादाने खोपोलीला पाठवलं. तिथे नवा भांडार घेणार आहेत. दादाला म्हटलं, नावं राहिलीत रोह्याची. तो म्हणाला, “आता जाऊन भरलीस तर ताईला कळेल की तेव्हा भरली नव्हतीस. थांब जरा. मी बघतो.” माझी किती काळजी करतो.

तरी ‘नंबराला तोंड नसतं’ हे डोक्यातून जात नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साडेअकराला रोह्याहून फोन आला. ताईने उचलला आणि नुसती ऐकत राहिली. तिचा चेहरा बघून मला कळलं. कसं कळलं माहीत नाही.

दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. कारखान्याबाहेर माणसं नाकाला ओले रुमाल लावून उभी होती. छपरावरून पिवळट-तांबूस धूर येत होता. मी फडक्याकडे बघितलं. फडकं हलतच नव्हतं.

झालं ते असं. आज मालाचा नवा घाणा सुरू केला होता. टाकीत पिवळी साखर विरघळवलेली. चिठ्ठी आली, नंबर ८७, नाव नाही. नव्या भांडारात सत्याऐंशी म्हणजे लाय. काकांनी ज्या ड्रमावर ८७ रंगवलंय तो काढला. जुन्या नंबराप्रमाणे त्यात होतं तेजाब, जे पिवळ्या साखरेत पडलं की विषारी धूर सुटतो. दोन्हींचे ड्रम निळेच. काका ओरडले, “सत्याऐंशी घे रेऽ!” नाथाभाऊच्या कागदावरही सत्याऐंशीच. तो ओरडला, “सत्याऐंशी आलाऽ!” आणि बूच काढून ओतलं.

काकांनी त्याला पाय धरून ओढत बाहेर काढलं.

पण देव आहे. नाथाभाऊ बाहेर ओट्यावर बसला होता, चहा पीत होता. जरा खोकत होता एवढंच. मला बघून म्हणाला, “काय रं, पोपटीला आलास का? आज धूर जास्ती झाला.” सगळे हसले. मीही हसलो. मला रडू येत होतं. वाचलो, असं सारखं मनात म्हणत होतो. वाचलो, वाचलो.

दादा म्हणाला, तू बसने जा, मी थांबतो, त्यांना मदत करतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नाथाभाऊ चालत घरी गेला होता. दिवेलागणीला त्याला श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, हा धूर असाच, आधी काही वाटत नाही, मग छातीत पाणी भरतं. नळ्या लावल्यात. पुढचे दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही.

मी दवाखान्याच्या बाहेरूनच आलो. पुतळीवहिनी पायरीवर बसली होती, तिने मला बघितलं नाही. बघितलं असतं तर काय बोललो असतो? त्याने मला कामातून उठवलं म्हणून झालं, असा विचार एकदा मनात आला. लिहितानाही लाज वाटते.

दादाने मात्र फार केलं. काल सगळे गेल्यावर तो स्टोअरमध्ये बसला आणि राहिलेली एकशे तीस नावं स्वतः भरली. जुन्या चिठ्ठ्यासुद्धा नव्याने छापून फाइलला लावून दिल्या. माझं काम, माझी चूक, आणि त्याने अवाक्षर काढलं नाही. “आता सगळं व्यवस्थित आहे. तू तोंड उघडू नकोस,” एवढंच म्हणाला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काळुरामकाकांना घरी बसवलंय. चौकशी होणार, पोलीसही येऊन गेले. काका सांगतायत, चिठ्ठीवर नाव नव्हतं. साहेबांनी फाइल काढून दाखवली, ८७ — लाय, स्वच्छ छापलेलं. म्हणजे अडाणी माणसाने वाचलंच नाही, वरून खोटं बोलतो. माझा ‘काम पूर्ण’चा कागदही तिथे लावलाय.

काका खोटं का बोलतात ते कळेना. मग लक्षात आलं की ते खोटं बोलत नाहीत. नाव नव्हतंच. पण फाइलमध्ये तर आहे. दादाने नावं भरली म्हणून आली असतील. माझं डोकं चालत नाही. रात्री मी ऑफिसातच झोपतो, तर झोपेत “आला, आला” ओरडतो, असं खालचा मूर्तिकार म्हणाला.

ताई दिवसभर जुन्या भांडाराच्या वह्या काढून बसली आहे. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दादाने मला बाहेर नेलं, वडापाव दिला. म्हणाला, “तुझा स्वभाव फिरता. रत्नागिरीला माझा मित्र आहे, महिना-दोन महिने त्याच्याकडे राहा. उद्याच्या गाडीचं तिकीट काढलंय. पत्ता कोणाला देऊ नकोस, उगाच तुला त्रास.” सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं.

२१ फेब्रुवारी, शनिवार. कोलाड स्टेशन.

रोह्याहून गाडीत बसलो. नवी लाइन, नवे डबे, खिडकीतून कुंडलिका दिसली. एरवी मला कुठेही निघालो की बरं वाटतं. आज बरं वाटेना. समोरच्या बाकावरची बाई पोराला सांगत होती, “रोह्यात गॅस सुटला ना, एका येड्याने चुकीचा ड्रम दिला.” पोराने विचारलं, “मग त्याला फाशी देणार?” ती म्हणाली, “देतील.”

गाडी पुढे कुठे कधी पोचते ते बघायला डायरीतली चिठ्ठी काढली. वेळा मागे लिहिलेल्या. उलटी केली.

नंबर ११४. नाव : ________. तारीख ९ फेब्रुवारी.

ही काकांच्या हातून माझ्याकडे आलेली. दादाला हिच्याबद्दल माहीतच नाही. फाइलमध्ये आता ११४ च्या चिठ्ठीवरही नाव असणार, तारीख नऊच असणार. आणि ही मुकी माझ्याकडे.

मी गेलो की काय होईल ते तेव्हा दिसलं, एकदम, जसं फडकं हललं की वारा कळतो. कागदावर सही माझी, आणि मी पळालेला. काकांनी वाचलं नाही, सख्याने बिघडवलं, दोघांतला कोण ते कोणी शोधायला जाणार नाही. भांडार तीन मात्र ठीक. खोपोलीला विकला जाईल.

कोलाडला गाडी दोन मिनिटं थांबते. उतरलो. पिशवी आतच राहिली. गाडी गेली. आता बाकावर बसून लिहितोय. इथला धाबेवाला ओळखीचा आहे, आजही भांडी घासायला ठेवून घेईल. कुणाला पत्ता लागणार नाही. वीस मिनिटं हाच विचार करतोय.

२२ फेब्रुवारी, रविवार. पेण.

ताईच्या घरी गेलो. दारातच सगळं सांगितलं. बासष्ट, पोपटी, हो म्हणालो ते, दादा, चिठ्ठी. ती चिठ्ठी तिने उजेडात धरली, मग जपून घडी केली. मला वाटलं, मारेल.

“हे तिथे सांगशील? सगळ्यांसमोर?”

“मला अटक करतील का, ताई?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. नाही करणार, असं म्हणाली नाही.

मग ती आत गेली. आतून दादाचा आवाज आला, “कंपनी बुडवशील तू!” आणि तिचा, अगदी हळू, “नाथा जगला तर कंपनीचं बोलू.”

२३ फेब्रुवारी, सोमवार. रोहा.

सांगितलं. साहेब, पोलीस, युनियनचे दोघे, सगळ्यांसमोर. जबाब लिहून घेतला. काकांनी सांगूनही नावं का बघितली नाहीत, हे साहेबांना मी विचारलं नाही, पण बाहेर पडताना ते फाटकापाशी बसलेल्या काकांच्या नजरेला नजर देत नव्हते. पोलिसांनी दादालाही बोलावलंय. मला म्हणाले, तालुका सोडायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला एका जागी बसवलं.

ताईने गोदामात जुना भांडार परत बसवला. म्हणाली, नवा नीट होईपर्यंत हाच चालेल, मार्च संपला तरी. ती पत्रंही तिने मागे घेतली. नव्यासाठी यादी पहिल्यापासून करायची, दादाने भरलेल्या नावांवर तिचा भरवसा नाही. कुठल्या ड्रमाला कामगार काय म्हणतात, ते पुरतं एकाच माणसाला माहीत. म्हणून काकांना आत बोलावलं. ते आले. माझ्याशी बोलले नाहीत. ड्रमांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, मी दारात कॉम्प्युटरपुढे बसलो.

ते ड्रमावर हात ठेवायचे, नाव ओरडायचे. मी नव्या नंबरापुढे टाइप करायचो. इतक्या जवळून ओरडायची गरज नव्हती, पण त्यांना तसंच येतं. लाल तेल. पिवळी साखर. बामणाची भुकटी. आज एकही सोडलं नाही. बाहेर पाखरं ओरडत होती, मी मान वर केली नाही.

दुपारी दवाखान्यातून निरोप आला. नाथाभाऊच्या नळ्या तशाच आहेत, पण डोळे उघडले. डॉक्टर अजून काही म्हणत नाहीत.

मग नव्या यादीतला सत्याऐंशी आला. काका लायच्या ड्रमापाशी गेले. हात ठेवला.

“लाय घे रेऽ!”

टाकीच्या दाराकडे ओरडले, माझ्याकडे नाही. तिथे कोणी नव्हतं. हाक पत्र्यांवर आपटून परत आली. काका तसेच थांबून राहिले. उलट हाक आल्याशिवाय पुढच्या ड्रमाकडे जायचं नाही, हा त्यांचा नियम.

मी यादीत बघितलं. पुन्हा बघितलं. बोट ठेवून तिसऱ्यांदा बघितलं. मग उठलो, नाथाभाऊच्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो,

“लाय आलीऽ!”

काका पुढच्या ड्रमाकडे गेले.